हृदयाच्या बायपास ऑपरेशनसाठी इथे येत असाल तर स्वतंत्र खोली घेऊ नका

या हॉस्पिटलचे सर्जन चांगले आहेत हे या पानावर अनेकांनी लिहिलंय आणि ते खरं आहे. मला लिहायचंय ते खोलीबद्दल. अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर फॉर्म भरला की पहिला प्रश्न येतो, "सेपरेट की शेअरिंग?" बहुतेक घरांत याचं उत्तर पैसा आणि मान बघून दिलं जातं. मुलगा पुण्या-मुंबईत नोकरीला असेल तर तो फोनवरूनच सांगतो, "बाबांना सेपरेटच घ्या, पैशाचं मी बघतो." माझं म्हणणं असं, की बायपासच्या पेशंटसाठी ऐपत असली तरी शेअरिंग घ्या. आणि घेताना काउंटरवर एक गोष्ट आवर्जून मागा: शेजारच्या खाटेवर ज्याचं ऑपरेशन होऊन गेलंय असा पेशंट असू दे.

मी हे बायको म्हणून लिहितेय आणि निवृत्त नर्सिंग ट्यूटर म्हणूनही. सर्जिकल नर्सिंग शिकवण्यात माझी नोकरी गेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रुग्णाशी काय बोलायचं, हा त्यातला धडा मुलींना नकोसा वाटायचा, कारण त्यात ना इंजेक्शन, ना ड्रेसिंग. मला मात्र तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटायचा, आणि आता घरच्या माणसाच्या उशाशी बसून पाहिल्यावर तर जास्तच वाटतो.

आमचे हे साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी मोटारसायकलवर, उसाच्या फडांतून. अँजिओग्राफीत हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद निघाल्या आणि त्या दिवसापासून माणूस गप्प झाला. जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे. विमा, बँकेची पासबुकं, शेताचे उतारे अशी सगळी कागदपत्रं काढून एका पिशवीत घालून ठेवली आणि ती पिशवी कुठे आहे ते मला दोनदा दाखवलं. डॉक्टरांसमोर मात्र "काही शंका आहे का?" म्हटलं की मान हलवून "नाही" म्हणायचे. आपल्याकडच्या पुरुषांचं हे असंच असतं, विशेषतः त्या वयाच्या.

भरती झाल्यावर संध्याकाळी भूलतज्ज्ञ खोलीत आल्या. हातात फाइल घेऊन दारातून चौकशी करून गेल्या असत्या तरी कागदोपत्री काम झालंच असतं. पण त्या खुर्ची ओढून बसल्या. "काका, उद्या जाग येईल तेव्हा घशात नळी असेल. बोलता येणार नाही. हात सैलसर बांधलेले असतील, ती नळी झोपेत ओढू नये म्हणून. सिस्टर विचारतील त्याला मान हलवून उत्तर द्यायचं. छातीतून दोन-तीन नळ्या बाहेर आलेल्या दिसतील, त्या नंतर काढतो. दुखेल. सगळ्यात जास्त खोकताना दुखेल, पण खोकायला तर हवंच. उशी अशी छातीशी घट्ट धरायची आणि खोकायचं." मग त्यांनी यांच्या हातात उशी दिली आणि खोकून दाखवायला लावलं.

एवढ्यानं काय होतं, असं वाटू शकतं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एग्बर्ट नावाच्या भूलतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच करून पाहिलं होतं. पोटाच्या ऑपरेशनचे ९७ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीसारखी भेट. बाकीच्यांना कुठे दुखेल, का दुखेल, कुशीवर कसं वळायचं, स्नायू सैल कसे सोडायचे हे सगळं नीट समजावलं, ऑपरेशननंतरही जाऊन पुन्हा सांगितलं. समजावलेल्या गटाला वेदनाशामक नार्कोटिक (अफूच्या वर्गातलं) औषध जवळपास निम्मंच लागलं. आणि ही मंडळी सरासरी २.७ दिवस आधी घरी गेली. घरी कधी सोडायचं हे सर्जन ठरवत होते आणि कोणाला समजावलंय, कोणाला नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. हे १९६४ साली छापून आलं. तरी आजही कितीतरी ठिकाणी ही भेट म्हणजे संमतीपत्रावर सही घेण्यापुरतीच असते. इथे ती तशी नाही, याबद्दल त्या डॉक्टरबाईंचे मनापासून आभार.

आता खोली. आमच्या शेजारच्या खाटेवर कागलकडच्या एका गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. त्यांचं ऑपरेशन होऊन आयसीयूतून ते वॉर्डात परतले होते. आम्ही सामान लावतोय तोवर ते खाटेवर पाय सोडून बसले आणि म्हणाले, "पावणं, कारखान्यात हुता व्हय? मग आमच्या शेतातला ऊस तुमीच उशिरा न्हेला असणार." झालं, ओळख निघाली. कोणत्या गटात कोण ओव्हरसिअर होता, कोणत्या हंगामात तोडी लांबल्या, यावर दोघं तासभर बोलत बसले. घरी इतके दिवस जो माणूस हूं का चूं करत नव्हता, तो बोलत होता.

मग विषय आपोआप तिकडे वळला. सचिवांनी शर्टाची बटणं काढून छातीवरची उभी रेघ दाखवली. पायजमा वर करून पोटरीवरचीही दाखवली, जिथून शीर काढून हृदयाला जोडतात. "पायाचंच ज्यादा ठणकतंय बघा, छातीचं न्हाई," असं म्हणाले. हे वाक्य मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, पण माझ्या तोंडून ऐकणं आणि त्यांच्या तोंडून ऐकणं यात फार अंतर आहे. मी यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती जखम हे अगदी निरखून बघत होते, जवळ जाऊन, चष्मा लावून. आणि मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते ना डॉक्टरांना विचारले होते, ना मला. संडासला बसताना छातीला ताण येतो का? कुशीवर झोपता येतं का? शिंक आली तर? आंघोळ कधी? गाडी कधी चालवायची? नातवाला उचलून घेता येईल का?

सचिवांनी एकेकाचं उत्तर दिलं. गाडी आणि नातू दोन्ही छातीचं हाड जुळेपर्यंत नाही, म्हणजे दोनेक महिने तरी नाही, शिंक आली की उशी, झोपायचं उताणं, "आनि त्योच सगळ्यात वंगाळ भाग हाय." तीन गोळ्यांचं ते फुप्फुसाच्या व्यायामाचं यंत्र त्यांनी ओढून दाखवलं. "पयल्या दिशी एक बी उठंना. आता दोन उठत्यात." हे झोपायच्या आधी आपलं यंत्र काढून ओढत बसले. मी एका शब्दानंही सांगितलं नव्हतं.

सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले कुलिक आणि माहलर हे दोन मानसशास्त्रज्ञ याच गोष्टीवर बरीच वर्षं काम करत होते. १९९६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह बायपासच्या ८४ पुरुष रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशनच्या आधी कोणाच्या शेजारी कोण होतं, एवढंच बघायचं होतं. शेजारी ऑपरेशन होऊन गेलेला माणूस असेल तर ऑपरेशनआधीची भीती कमी होती, नंतर माणूस जास्त हिंडू-फिरू लागला आणि लवकर घरी गेला. शेजारी हृदयाचाच पेशंट असण्याचाही फायदा दिसला. आणि सगळ्यात सावकाश सुधारणा कोणाची? तर साधारणपणे ज्यांच्या शेजारी कोणीच नव्हतं त्यांची. आपण जास्त पैसे मोजून जी खोली घेतो, ती हीच.

यामागे गूढ काही नाही. भीती आणि ताण असला की शरीरात कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, जखम भरून यायची सुरुवात ज्या दाहानं होते तोच मंदावतो, झोप उडते, दुखणं जास्त जाणवतं. दुखतंय म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, खाटेवरून उतरत नाही. मग छातीत कफ साठतो, ताप येतो, आणि मुक्काम वाढतो. शेजारचा माणूस यातली पहिली कडीच सैल करतो.

शेअरिंगचे तोटे आहेत, तेही लिहिते. सचिव घोरायचे. त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांची रीघ असायची. टीव्ही एकच, आणि त्यांना कुस्त्या लागायच्या. झोप हे यातलं खरं नुकसान, कारण झोपेशिवाय जखम भरत नाही. कानात घालायचे बोळे घेऊन जा, मेडिकलमध्ये मिळतात. शेजारच्याला ताप किंवा खोकल्याचा संसर्ग असेल तर मात्र संकोच न करता खोली बदलून मागा. आणि शेजारी स्वभावानं रडका, घाबरवणारा निघाला तरी बदलून मागा; हे कारण सांगायला लोक लाजतात, पण ते वैद्यकीय कारण आहे.

घाबरवणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर भेटायला येणाऱ्यांबद्दल. इथे भेटीची वेळ संध्याकाळी असते आणि पास दोनच देतात, तरी दारावरच्या मामांना विनवून माणसं आत येतातच. येतात, शहाळं ठेवतात, खाटेच्या कडेला बसतात आणि सुरू करतात: "आमच्या साडूंचं असंच झालं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण सहा महिन्यांत..." अहो, ज्याच्या छातीचं हाड सकाळी कापायचंय त्याच्यासमोर हे! मी एका नातेवाइकांना हात धरून बाहेर घेऊन गेले. राग आला त्यांना, येऊ दे. पण माणसं यायलाच हवीत. त्याच कुलिक आणि माहलर यांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं, की ज्या बायपास रुग्णांच्या बायका वरचेवर भेटायला यायच्या त्यांना वेदनाशामक कमी लागलं आणि ते लवकर सावरले. म्हणून वेळ संपली म्हणून बायकोला किंवा लेकीला बाहेर काढायचं आणि ओळखीच्या पुढाऱ्यासोबत आलेल्या चौघांना आत सोडायचं, हे इथल्या व्यवस्थापनानं थांबवायला हवं. आमच्या डोळ्यांदेखत झालंय.

आयसीयूबद्दल माझी तक्रार मोठी आहे. नर्सिंग उत्तम, स्वच्छता उत्तम. पण भेट अगदी थोडा वेळ, आणि पेशंटचा चष्मा, घड्याळ सगळं पिशवीत घालून नातेवाइकांच्या हातात देतात. आत भिंतीवर घड्याळ आहे ते पेशंटच्या डोक्याच्या मागे. दिवे रात्रभर चालू. दुसऱ्या रात्री हे बरळायला लागले. यांना वाटत होतं की आपण कारखान्याच्या गेटवर आहोत आणि ट्रॅक्टरांची रांग लागलीय. नळ्या ओढायला लागले म्हणून हात बांधावे लागले. वयस्कर माणसांमध्ये हृदयाच्या ऑपरेशननंतर असा भ्रम व्हायचं प्रमाण बरंच असतं. त्यावर साधे उपाय आहेत: चष्मा आणि कानाचं यंत्र परत द्या, दिवस-रात्र कळू द्या, ओळखीचा आवाज ऐकू द्या, रात्री उगाच उठवू नका. मी सकाळी सिस्टर इन्चार्जना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा लावू दिला, मला थोडं जास्त बसू दिलं, आणि संध्याकाळपर्यंत हे वार, तारीख नीट सांगत होते. मी पेशानं नर्स आहे म्हणून मला हे मागता आलं. शेतातून आलेल्या बाईनं हे कुणाकडे मागायचं? ते घड्याळ समोरच्या भिंतीवर हलवायला एक खिळा पुरतो.

वॉर्डात परतल्यावर पुन्हा तीच खोली मिळाली, हे आग्रहानं मागून घेतलं होतं. सचिव घरी गेले होते. त्यांच्या खाटेवर कर्नाटकातल्या चिकोडीकडचा एक शिक्षक आला, ऑपरेशन व्हायचं होतं. सीमेपलीकडच्या गावांतून हिंडल्यामुळे यांना कामापुरतं कन्नड येतं. अजून धाप लागत होती, तरी उशी छातीशी कशी धरायची ते यांनी त्याला अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या मराठीत शिकवलं. व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं यांना कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या. त्याला दाखवायचं म्हणून तिसरी मारली. ती मुलगी गुणी आहे. "बाबा, काल त्या खुर्चीपर्यंत गेला होता, आज पाण्याच्या कूलरपर्यंत," असं रोज नेमकं ठिकाण सांगायची.

खिडक्यांचंही लिहायला हवं. पूर्वेकडच्या खोल्यांतून आवारातलं मोठं पर्जन्यवृक्षाचं झाड दिसतं, पश्चिमेकडून जनरेटरची शेड. रॉजर उल्रिच या संशोधकांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातले १९७२ ते १९८१ मधले पित्ताशयाच्या ऑपरेशनचे कागद तपासले होते. एकसारख्या रुग्णांच्या २३ जोड्या, एकाला खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडंवाले ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, आणि झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर इमारती पाडून बांधा असं मी म्हणणार नाही. पण इथे झाडाकडच्या सगळ्या खोल्या सेपरेट आहेत आणि शेडकडच्या शेअरिंग. निदान निम्म्या तरी उलट करता येतील.

सोबतच्या माणसासाठी जी बाकडी आहे ती फार अरुंद आहे. इथे मला ओहायोच्या मानसशास्त्रज्ञ जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांचं काम आठवतं. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका आणि तेवढ्याच इतर बायका, सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम करून ती किती दिवसांत भरते ते त्यांच्या चमूनं १९९५ मध्ये पाहिलं. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम नऊ दिवस उशिरा भरली. म्हणजे पेशंटजवळ जागणाऱ्या माणसाचं शरीरही झिजत असतं. एकाच सुनेला किंवा एकाच बायकोला सलग बसवू नका, पाळ्या लावा. आमच्याकडे लेक आणि पुतण्या होते म्हणून निभावलं.

बिल, कॅशलेस, टीपीए (विम्याचे दावे बघणारी कंपनी) यात डिस्चार्जच्या दिवशी सगळा दुपारचा वेळ गेला. तो सगळीकडेच जातो. मराठी पुस्तिका देतात, चित्रं चांगली आहेत. तिच्या शेवटच्या पानावर "मानसिक ताण टाळावा" एवढीच एक ओळ आहे. टाळावा म्हणजे काय करावं?

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात हे खचले. जखम छान भरत होती, चालणं वाढत होतं, आणि तरी सकाळी अंथरुणातून उठेनात. बातम्या बघताना डोळ्यांत पाणी यायचं. "माझ्यावर एवढा खर्च कशाला केलात," म्हणायचे. हृदयाच्या ऑपरेशननंतर हे पुष्कळांना होतं आणि ते नुसतं 'मनाचं' नाही. २००१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बायपासच्या ३०९ रुग्णांचा अभ्यास आला होता. घरी सोडताना त्यातल्या २० टक्क्यांना नैराश्याचा आजार होता. वर्षभरात त्या गटातल्या २७ टक्के रुग्णांना हृदयाचा पुन्हा काही त्रास झाला, बाकीच्यांत १० टक्क्यांना. इतका फरक रक्तातल्या एखाद्या तपासणीत दिसला असता तर ती तपासणी प्रत्येक केसपेपरवर छापली गेली असती.

आम्हाला सावरलं ते गल्लीतल्या भजनी मंडळानं. हे पूर्वीपासून पखवाज वाजवतात. हाड जुळायचं असल्यामुळे पखवाज बंद होता, तर मंडळी म्हणाली, नुसते येऊन बसा. एकादशीला दोघं घ्यायला आले, हळूहळू चालवत नेलं. पुढच्या आठवड्यात हे स्वतःच टोपी घालून तयार होते. अमेरिकेतल्या डार्टमथच्या वैद्यकीय महाविद्यालयातले मानसोपचारतज्ज्ञ ऑक्समन यांनी १९९५ मध्ये पंचावन्नच्या पुढच्या २३२ हृदय-शस्त्रक्रियेच्या रुग्णांबद्दल लिहिलं होतं, की जे कुठल्याच मंडळात, संस्थेत जात नव्हते आणि ज्यांना धर्मातून आधार मिळत नव्हता, त्यांच्यात पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यू जास्त होते. मी श्रद्धेचा प्रचार करत नाही. कोणाला भजन, कोणाला बँकेच्या पेन्शनरांचा कट्टा, कोणाला तालीम. माणूस उंबऱ्याबाहेर पडून चार माणसांत बसला पाहिजे.

इथली फोनसेवा चांगली आहे हे सांगायला हवं. फिजिओ विभागाकडून दर आठवड्याला फोन यायचा: किती मिनिटं चालता, पायाला सूज आहे का, जखमेतून पाणी येतंय का. महिन्याच्या तपासणीला ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), साखर, सगळं झालं. फक्त "मन कसं आहे, झोप लागते का, कशात रस वाटतो का" हे एकदाही कुणी विचारलं नाही. मी त्या विभागाच्या समन्वयक बाईंना लेखी दिलंय, की फोनवरच्या प्रश्नांच्या यादीत हे तीन प्रश्न घाला आणि उत्तर बरं नसेल तर कोणाकडे पाठवायचं ते ठरवून ठेवा. सोबत आयसीयूतल्या घड्याळाचंही लिहिलंय. त्यांनी ते वाचून माझ्यासमोर पोच दिली.

पाचपैकी चार तारे देतेय. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. तोवर काय बदललं ते याच ठिकाणी लिहीन.